कॉलेजच्या नेटवर्कला लॅपटॉप जोडताय? या चुका टाळा

जुलै-ऑगस्टमध्ये कॉलेजच्या कॉम्प्युटर सेंटरबाहेर उघडे लॅपटॉप हातात घेऊन मुलं उभी असतात. बहुतेकांचं म्हणणं एकच असतं, "घरी तर मस्त चालतं!" ते खरंही असतं. गोव्यात काणकोणच्या किंवा वाळपईच्या घरातल्या राउटरला फक्त एक पासवर्ड लागतो. तो कोणी टाकला याची त्याला फिकीर नसते. कॉलेजचं नेटवर्क आधी माणूस कोण ते विचारतं, मग यंत्र कोणतं. ताळगावच्या पठारावर असा, फर्मागुढीला असा की म्हापशातल्या एखाद्या छोट्या कॉलेजात, विचारण्याची रीत थोडी बदलते, प्रश्न तेच राहतात. घरच्या वापरात लॅपटॉपमध्ये साचलेल्या सेटिंग्ज नेमक्या तिथे आडव्या येतात. त्यामुळे निम्मं काम वर्ग सुरू होण्याच्या दोन दिवस आधी घरीच उरकलेलं बरं.

घरी राहून गेलेलं काम

पहिली चूक म्हणजे महिनोन् महिने अपडेट न केलेला लॅपटॉप तसाच बॅगेत टाकणं. कॉलेजच्या वायफायवर जोडला की तो तुंबलेली सगळी अपडेट्स एकदम ओढायला लागतो, प्रॅक्टिकलच्या मधेच रीस्टार्ट मागतो, आणि काही ठिकाणी रोजची डेटा मर्यादा असते ती दुपारच्या आत संपते. घरच्या फायबरवर विंडोज अपडेट उघडा आणि 'अप टू डेट' दिसेपर्यंत पुन्हा पुन्हा तपासा. एका फेरीत सगळं क्वचितच येतं. 'ऑप्शनल अपडेट्स'मध्ये वायफायचा ड्रायव्हर पडून असतो, तोही घ्या. सी ड्राइव्हवर २५ जीबी तरी मोकळी ठेवा. शेवटी रीस्टार्टच करा, शट डाउन नव्हे: फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जोडण्यापूर्वी यंत्राची तपासणी करणारी नेटवर्क्स असा लॅपटॉप दारातच अडवू शकतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप) आणि किमान ४ जीबी रॅम लागते. जुन्या लॅपटॉपमध्ये टीपीएम असूनही बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) बंद ठेवलेलं असतं, त्यामुळे नवा घ्यायचा विचार करण्याआधी तिथे बघा.

आता बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणारी विंडोजमधली सोय. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क बहुधा आपोआप लॉक होते, आणि कोणी ते सांगत नाही. पुढे लॅबसाठी शेजारी उबुंटू टाकायला गेलात किंवा बायोस अपडेट केलात, की निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. पण ते खातं लॅपटॉप विकत घेतलेल्या दुकानदाराने त्याच्याच ईमेलने उघडलेलं असेल तर अवघड. आजच तपासा, रिकव्हरी की कागदावर उतरवा आणि कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.

क्रॅक केलेलं विंडोज किंवा ऑफिस असेल तर काढून टाका. ॲक्टिव्हेटरसोबत आलेला मालवेअर कॉलेजच्या फायरवॉलला घरच्या राउटरपेक्षा फार लवकर दिसतो, आणि जोडणी बंद होते ती तुमच्या नावावरची. दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नका. विंडोजमधला डिफेंडर पुरेसा आहे.

पासवर्ड बरोबर, तरी आत घेत नाही

मोठ्या कॅम्पसवर वायफायला सगळ्यांचा मिळून एक पासवर्ड नसतो. प्रत्येकाला स्वतःचं युजरनेम आणि पासवर्ड लागतो. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो तो युजरनेमच्या रूपात. नुसता रोल नंबर, की त्यापुढे ॲट द रेट आणि कॉलेजचं डोमेन? एड्युरोम (विद्यापीठांचं सामायिक वायफाय) असेल तर पूर्ण रूपच लागतं, अगदी स्वतःच्या कॅम्पसवरही. भारतात एड्युरोम अर्नेट इंडिया चालवते, आणि ते एकदा नीट बसलं की दुसऱ्या सहभागी विद्यापीठात सेमिनारला गेल्यावरही तेच खातं चालतं. फोनवर टाइप करताना पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल होतं आणि ऑटोकम्प्लीट शेवटी एक स्पेस सोडतं. डोळ्यांना दिसत नाही, सर्व्हरला दिसते.

दुसरी अडचण सर्टिफिकेटची, म्हणजे समोरचा सर्व्हर खरंच कॉलेजचा आहे याच्या पुराव्याची. सीनियर सांगतात, "डू नॉट व्हॅलिडेट निवड, झालं." हा सल्ला जुना झाला. अँड्रॉइड ११ पासून तो पर्याय फोनांमधून निघत गेला, आणि गेला ते बरंच झालं. सर्टिफिकेट न तपासणारा फोन त्याच नावाच्या कुठल्याही वायफायला आपलं लॉगिन द्यायला तयार होतो. कँटीनमध्ये बसून कॉलेजच्या नावाचा खोटा ॲक्सेस पॉइंट उभारणं काही फार अवघड नाही. योग्य रीत अशी: सीए सर्टिफिकेटमध्ये 'यूज सिस्टम सर्टिफिकेट्स' निवडा, डोमेनच्या रकान्यात कॉलेजने दिलेलं सर्व्हरचं डोमेन भरा, आणि ईएपी (लॉगिन तपासण्याची) पद्धत सूचनापत्रकात असेल तीच ठेवा, बहुतेक ठिकाणी पीईएपी. कॉलेजने स्वतःचं सर्टिफिकेट दिलं असेल तर ते आधी बसवून मग निवडायचं. विंडोज पहिल्यांदा जोडताना सर्टिफिकेटचा तपशील दाखवतं. तो उघडून नाव जुळवा, मगच 'कनेक्ट' दाबा.

घड्याळ चुकलेलं असेल तरी हाच दरवाजा बंद राहतो. तारीख २०१९ दिसत असेल तर आजचं सर्टिफिकेट लॅपटॉपच्या लेखी अजून जन्मालाच आलेलं नसतं. वेळ आणि भारताचा टाइम झोन आपोआपवर ठेवा. जुन्या यंत्रात दर वेळी तारीख मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सेल संपलाय. बहुतेकांत तो सीआर २०३२ असतो.

आणि चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुट्टीनंतरचा ठरलेला प्रकार. पासवर्डची मुदत संपते, तुम्ही लॅपटॉपवर नवा पासवर्ड टाकता, खिशातला फोन मात्र जुनाच पासवर्ड देत राहतो. काही चुकीच्या प्रयत्नांनंतर सर्व्हर खातं लॉक करतो आणि लॅपटॉपही बाहेर पडतो. मग लॅपटॉप फॉरमॅट करण्यापर्यंत लोक जातात. आधी फोन आणि टॅबचं वायफाय बंद करा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, मग प्रत्येक यंत्रावर नेटवर्क 'फर्गेट' करून नव्याने जोडा. 'फर्गेट' न करता नुसता पासवर्ड बदलण्याच्या भानगडीत पडू नका.

जोडलं गेलं, पण लॉगिनचं पान येत नाही

छोट्या कॉलेजांत बहुधा ब्राउझरमध्ये लॉगिनचं पान उघडतं. ते येत नाही त्याची कारणं मोजकी आहेत. तुम्ही उघडताय ती साइट एचटीटीपीएसवर (कुलूपबंद जोडणीवर) असते, आणि अशा जोडणीला मधेच वळवता येत नाही. ब्राउझर सुरक्षेचा इशारा देऊन थांबतो. त्यासाठी ॲड्रेस बारमध्ये नेव्हरएसएसएल डॉट कॉम टाइप करा. ही साइट मुद्दाम साध्या एचटीटीपीवर ठेवलेली आहे आणि तिथून पोर्टलकडे, म्हणजे लॉगिनच्या पानाकडे, वळवलं जातं.

तरी नाही आलं, तर घरून आलेला वारसा शोधा. कोणीतरी कधीकाळी प्रिंटर किंवा सीसीटीव्ही जोडताना आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) हाताने भरलेला असतो, किंवा नेट वेगवान होईल म्हणून डीएनएसमध्ये (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरच्या जागी) ८.८.८.८ घातलेलं असतं. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वायफाय, हार्डवेअर प्रॉपर्टीज इथे आयपी आणि डीएनएस दोन्ही 'ऑटोमॅटिक' करा. त्याच भागात प्रॉक्सी (मधला सर्व्हर) उघडून हाताने भरलेला प्रॉक्सी बंद करा. फोनवर 'प्रायव्हेट डीएनएस' ऑटोमॅटिकवर आणा. व्हीपीएन (नेट दुसऱ्याच सर्व्हरमार्फत फिरवणारं ॲप) बंद करा. त्याचा 'किल स्विच' (व्हीपीएन नसेल तर नेटच तोडणारा) चालू असेल तर पोर्टलसुद्धा अडतं.

व्हीपीएनचा आणखी एक तोटा ग्रंथालयात कळतो. बरीच संशोधन नियतकालिकं कॅम्पसचा आयपी पत्ता बघूनच उघडतात. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या, सरकारी वर्गणीतून नियतकालिकं देणाऱ्या वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजनेत तुमची संस्था असली, तरी व्हीपीएन चालू असताना प्रकाशकाला सिंगापूरचा पत्ता दिसतो आणि तो लेखाचे पैसे मागतो.

मॅक ॲड्रेस देताना

हॉस्टेलच्या फॉर्मवर मॅक ॲड्रेस, म्हणजे यंत्राच्या नेटवर्क भागाचा ओळख क्रमांक, मागतात: बारा चिन्हं, दोन-दोनच्या सहा जोड्या. त्यात ० ते ९ आणि ए ते एफ एवढंच येतं, म्हणजे 'ओ' वाटलं ते शून्यच असतं. आठ आणि बी मात्र हाताने लिहिताना सर्रास बदलतात, म्हणून कॉपी करूनच पाठवा. वायफायचा मॅक वेगळा, लॅन पोर्टचा वेगळा, ब्लूटूथचा वेगळा. व्हर्च्युअलबॉक्स टाकलं असेल तर यादीत त्याचाही दिसतो. हवा तो वर सांगितलेल्या हार्डवेअर प्रॉपर्टीजच्या पानावर तळाशी असतो.

विंडोजमधलं 'रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस' (खऱ्याऐवजी खोटा मॅक दाखवणारी सोय) त्या नेटवर्कपुरतं बंद करा. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनवर आयओएस १४ पासून असा खोटा मॅक मुळातच चालू असतो. सगळीकडे बंद करण्याची गरज नाही. पाटोच्या बसस्टँडवर किंवा कॅफेत तो कामाचाच आहे.

यूएसबी ते लॅन ॲडॉप्टरचा मॅक ॲडॉप्टरसोबत फिरतो. नोंदवलेला ॲडॉप्टर मित्राला दिलात तर त्याचं सगळं डाउनलोड तुमच्या नावावर.

हॉस्टेलच्या भिंतीत राउटर खुपसू नका

ही एकच चूक अख्खा मजला बंद पाडते. घरचा राउटर आणून भिंतीतली केबल त्याच्या लॅन (घरातल्या यंत्रांसाठीच्या) पोर्टमध्ये लावली, की तो शेजारच्या खोल्यांनाही आयपी पत्ते वाटू लागतो. मागणाऱ्या लॅपटॉपला ज्याचं उत्तर आधी मिळतं त्याचा पत्ता तो घेतो, आणि खोलीतला राउटर सेंटरमधल्या सर्व्हरपेक्षा जवळ असतो. मग मजल्यावरच्या निम्म्या मुलांना वायफाय जोडलेलं दिसतं पण पान एकही उघडत नाही. चांगल्या स्विचमध्ये याला पायबंद असतो. तिथे मजला वाचतो आणि फक्त तुमचा पोर्ट बंद होतो, तो उघडून घ्यायला वॉर्डनची सही लागते ते निराळं.

ओळखायचं कसं? कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग चालवा. शेजाऱ्याचा पत्ता १० ने सुरू होतो आणि तुमचा १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ ने, तर जवळ कुठेतरी कोणाचा तरी राउटर बोलतोय. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर कोणीच पत्ता दिलेला नाही: केबल सैल आहे, मॅक नोंदवलेला नाही किंवा सर्व्हरकडचे पत्ते संपलेत.

राउटर वापरायची परवानगी असेल तर भिंतीतली केबल वॅन (बाहेरून नेट आत घेणाऱ्या) पोर्टमध्येच लावा. लॅपटॉपवरचा मोबाइल हॉटस्पॉटही बंद ठेवा. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. प्रत्येक खोलीत हॉटस्पॉट चालू असला की तिथे बाजार भरतो. जमेल तिथे ५ गिगाहर्ट्झ वापरा.

पावसाळा

इथली खारी, दमट हवा लॅनच्या पिनांवर हिरवट थर चढवते. गिगाबिट (१००० एमबीपीएस) वेगाला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोनच. जादा दोन जोड्यांतली एखादी पिन गंजली की नेट बंद पडत नाही, गुपचूप १०० वर उतरतं आणि दोष नेटवर्कवर येतो. इथरनेटच्या सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघा. १०००/१००० ऐवजी १००/१०० दिसलं तर आधी कॅट ६ ची दुसरी केबल लावून पाहा, मग दुसरा पोर्ट.

एसी लॅबमधला गार लॅपटॉप बाहेरच्या दमट हवेत काढला की त्यावर आत-बाहेर दव धरतं. अर्धा तास बंदच राहू द्या. कदंबाच्या (गोव्याच्या सरकारी) भरल्या बसमधून भिजत आलेल्या बॅगेलाही हाच नियम. विजा कडाडताना लोक चार्जर काढतात आणि लॅनची केबल विसरतात. झटका तिच्यातूनही येतो.

तरीही अडलं तर

विंडोजने नेटवर्क 'पब्लिक' की 'प्रायव्हेट' असं विचारलं तर कॅम्पसवर पब्लिकच. विंडोज अपडेटमधल्या डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनमधून दुसऱ्यांच्या पीसींना अपडेट्स वाटणं बंद करा. एवढं करूनही जोडलं जात नसेल, तर सिस्टिम ॲडमिनकडे जाताना 'नेट चालत नाही' एवढंच घेऊन जाऊ नका. त्यांना लॉगमध्ये तुमची नोंद शोधायची असते, आणि त्यासाठी लागतं ते असं: युजरनेम, पण पासवर्ड कधीच नाही, मॅक ॲड्रेस, आयपीकॉन्फिगमध्ये दिसलेला पत्ता, इमारत, मजला, खोली, नेमकी वेळ, म्हणजे 'सकाळी' नव्हे तर '१०.४०', आणि एरर मेसेजचा फोटो. शेजारच्या मुलाचं त्याच जागी चालतं का, हेही आधी विचारून ठेवा, कारण त्यांचा पहिला प्रश्न तोच असतो.