मोठा निर्णय घ्यायचाय? स्वतःचा प्रश्न आधी परक्याचा करून लिहा

मैत्रिणीने फोन करून विचारलं की अगं दुसरी नोकरी मिळतेय, घेऊ का, तर आपण किती शांतपणे बोलतो बघा, हातात पगार किती येणार, जायला यायला किती वेळ, सासूबाईंकडे कोण बघणार, सगळं एकेक करून विचारतो. आणि स्वतःवर वेळ आली की? मी सॅम्पल फ्लॅट बघायला गेले आणि त्याच संध्याकाळी टोकन देऊन आले. आजच्यापुरताच हा रेट आहे, सातव्या मजल्यावर एकच उरलाय, एवढं ऐकलं आणि झालं. पझेशन सांगितलेल्या तारखेच्या तीन वर्षं नंतर मिळालं, तोपर्यंत भाडंही भरा आणि हप्ताही भरा. आणि आदल्याच महिन्यात मी माझ्या धाकट्या भावाला बजावलं होतं की टोकन द्यायच्या आधी चार दिवस थांब म्हणून. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, लहानपणापासून ऐकलेली म्हण पण तेव्हा खरी कळली.

नंतर वाचताना समजलं की मानसशास्त्रात यावर चक्क अभ्यास झालाय. इगोर ग्रॉसमन आणि इथन क्रॉस या दोघांनी 2014 मध्ये प्रयोग केले, त्यात काही लोकांना सांगितलं की तुमच्या जोडीदाराने तुम्हाला फसवलंय अशी कल्पना करा आणि काहींना सांगितलं की तुमच्या मित्राला त्याच्या जोडीदाराने फसवलंय, आता पुढे काय होईल ते बोला. मित्राबद्दल बोलणारे जास्त शहाण्यासारखे बोलले, म्हणजे आपल्याला सगळं माहीत नाही हे मान्य करणं, समोरच्याची बाजू बघणं, मधला मार्ग शोधणं वगैरे. याला नाव दिलं सॉलोमनचा विरोधाभास, कारण बायबलमधला तो राजा जगाला सल्ले द्यायचा पण त्याच्या स्वतःच्या घरातच गोंधळ होता. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे की साठीपुढच्या लोकांमध्येही हा फरक दिसला, म्हणजे नुसतं वय वाढून हे जात नाही. पण स्वतःचाच प्रश्न जरा लांबून, तिसऱ्या माणसाचा असल्यासारखा बघायला सांगितलं तेव्हा हा फरक गेला. सगळी मेख इथेच आहे.

तर करायचं काय, एक साधी वही घ्या. मोबाइलमध्ये नको, तिथे दर दोन मिनिटांनी काहीतरी वाजतं. 'मी' हा शब्द टाळून स्वतःचं नाव घालून लिहा, अमुक अमुक 38 वर्षांची आहे, घरात चार माणसं, एवढा पगार, एवढं कर्ज, तिला हा फ्लॅट घ्यायचाय. सुरुवातीला फार विचित्र वाटेल, लिहीत राहा. मग खाली तिला प्रश्न विचारा, तिला अजून काय माहीत नाहीये, पाच वर्षांनी यातलं काय बदललेलं असेल, समोर बसून तिला घाई करणाऱ्याला यातून काय मिळणार आहे. हा शेवटचा प्रश्न मी त्या संध्याकाळी विचारला असता ना तर टोकन पर्समध्येच राहिलं असतं.

मग आकडे. स्वतःच्या अंदाजावर जाऊ नका, तुमच्यासारख्या इतरांचं काय झालं ते विचारा. 1994 चा एक अभ्यास आहे, विद्यार्थ्यांना विचारलं प्रबंध किती दिवसांत संपेल, सरासरी उत्तर आलं साधारण 34 दिवस, आणि सगळंच बिघडलं तर, यावर साधारण 49 दिवस. प्रत्यक्षात लागले 55 च्या वर! म्हणजे वाईटात वाईट धरलं तरी कमीच पडलं, कारण प्रत्येकजण स्वतःचा प्लॅन डोळ्यासमोर आणत होता, आपली आधीची कामं किती लांबली होती ते कोणी आठवतच नव्हतं. म्हणून फ्लॅट घेताना ब्रोशरवरची तारीख बघू नका, त्याच बिल्डरच्या आधीच्या बिल्डिंगमध्ये जा आणि खाली भाजी घेणाऱ्या काकूंना विचारा की तुम्हाला चावी कधी मिळाली. महारेरा म्हणजे राज्याचं बिल्डरांवर लक्ष ठेवणारं प्राधिकरण, त्याच्या साइटवर प्रोजेक्टची नोंद असते, आधी सांगितलेली आणि नंतर वाढवलेली तारीख तिथे बघायला मिळते, तेही बघा.

यानंतर घरातल्या सगळ्यांना चहाला बसवा आणि सांगा की समजा दोन वर्षं झाली आणि हा निर्णय पार फसला, का फसला ते प्रत्येकाने कागदावर लिहा. गॅरी क्लाइन नावाच्या मानसशास्त्रज्ञाची ही पद्धत, प्रीमॉर्टेम म्हणतात. 'काही अडचण येईल का' असं विचारलं तर सगळे नाही म्हणतात, शुभ काम आहे ना, कोण अपशकुन करणार. पण फसलंच आहे असं धरून चाललं की जे गप्प असतात तेही लिहितात. आमच्याकडे नोकरी बदलायच्या वेळी सासूबाईंनी लिहिलं होतं, मुलीची दहावी आहे त्या वर्षी. आमच्या दोघांच्याही डोक्यात ते नव्हतं.

शेवटी निर्णय, तारीख, आणि किती टक्के खात्री आहे ते लिहून सही करा. ही पायरी प्लीज गाळू नका, कारण आपली आठवण नंतर बदलते. 1972 मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष निक्सन चीन आणि रशियाला जाणार होते तेव्हा बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ यांनी विद्यार्थ्यांकडून आधी अंदाज घेतले आणि दौरे झाल्यावर विचारलं की तुम्ही तेव्हा काय म्हणाला होतात, तर जे घडलं त्याला आपण जास्त शक्यता दिली होती असं त्यांना आठवत होतं. तसंच आपलं, 'मला माहीतच होतं' म्हणतो आणि शिकत काहीच नाही.

वही सहा महिन्यांनी उघडा. नुसतं चांगलं झालं की वाईट एवढंच बघू नका, तेव्हा माहीत असलेल्या गोष्टींवरून विचार बरोबर होता का ते बघा, कधीकधी विचार नीट असूनही नशीब साथ देत नाही आणि कधी घाईत घेतलेलंही चालून जातं, दोन्ही वेगळं लिहून ठेवा. मोबाइल कुठला घ्यायचा, सुट्टीत कोकणात जायचं की महाबळेश्वरला, असल्या गोष्टींना वही लागत नाही. घर, नोकरी, लग्न, आईवडिलांचं ऑपरेशन, कोणाला जामीन राहणं, एवढ्यांना काढा. माझ्या वहीत चार वर्षांत नऊच निर्णय आहेत.