लांब पंख इंधन कसं वाचवतो, घरीच करून बघा

विमानाचं प्रदूषण म्हटलं की सगळे इंजिनावरच बोलतात, पण पंखात लई काय काय आहे. थर्माकोलचे दोन ग्लायडर करा, एकाचा पंख ३६ बाय १२ सेंमी, दुसऱ्याचा ५४ बाय ८, क्षेत्रफळ सेमच. बॉडी, शेपूट, वजन पण सेम, आणि नाकाला शाडू लावून बॅलन्स पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव रुंदीवर आणा. लांब पंख वाकतो, खालून बांबूची काडी चिकटवा (खऱ्या विमानातही हाच त्रास, म्हणून तर कार्बन फायबर). रंकाळा तलावावर वारं असतंय, तिथं नको, बंद हॉलमध्ये एकाच उंचीवरून दहा-दहा वेळा सोडा, अंतर लिहून ठेवा.

पंखाखालची जास्त दाबाची हवा टोकावरून वर वळते, भोवरा होतो आणि विमान मागं ओढलं जातं. वजन आणि वेग तोच ठेवून पंख दीडपट लांब केला तर ही ओढ निम्म्याहून कमी होते! मग सगळे लांबच पंख का करत नाहीत, तर एअरपोर्टवर जागा नाही. बोइंग ७७७एक्सचे पंख टोकापासून टोकापर्यंत ७१.८ मीटर, जमिनीवर दुमडून ६४.८ होतात. पंख फार लांब न करता भोवरा कमी व्हावा म्हणून एअरबस ए३२० ला वर वळवलेली टोकं, म्हणजे शार्कलेट, लावतात.

आता आखूड पंखाला कार्डशीटची तशीच टोकं लावा आणि परत मोजा.