क्वेरी बिल्डर आहे म्हणून डेटाबेस बदलताय? या चुका टाळा

रावेरकडच्या एका केळी व्यापाऱ्यासाठी केलेला खरेदीचा प्रोग्राम मी मायएसक्यूएल या डेटाबेसवरून पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर नेला. सगळ्या क्वेरी कनेक्स या क्वेरी बिल्डरमधून (आपल्या कोडवरून त्या त्या डेटाबेसची एसक्यूएल भाषा लिहून देणारी लायब्ररी) जात होत्या, म्हणून सेटिंगमधलं क्लायंटचं, म्हणजे डेटाबेसचं, नाव बदललं, टेस्ट चालवल्या, सगळ्या पास झाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला, "भाऊ, घडाचं अ‍ॅव्हरेज कमी का दाखवतंय?"

८० घड, १५०० किलो. सरासरी १८.७५ यायला हवी होती, स्क्रीनवर नुसते १८. दोन्ही कॉलम पूर्णांकाचे होते. मायएसक्यूएल अशा भागाकारात दशांश देतो. पोस्टग्रेस, एसक्यूलाइट आणि एसक्यूएल सर्व्हर पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की दशांश टाकून देतात. टेस्टमध्ये मी १०० घड आणि २००० किलो असे गोल आकडे घेतले होते, त्यामुळे तिथे काही दिसलंच नाही. उपाय सोपा आहे: भागाकाराच्या एका बाजूला डेसिमलमध्ये कास्ट करा (म्हणजे दशांश प्रकारात बदला) आणि टेस्टमध्ये नि:शेष भाग न जाणारे आकडे घ्या.

बिल्डर अर्थ बदलत नाही

आपल्याकडे अहिराणीत 'आंडोर' म्हणजे मुलगा आणि 'आंडेर' म्हणजे मुलगी. बाहेरच्या माणसाला हे शब्द कळले नाहीत तर तो विचारतो आणि प्रश्न तिथेच मिटतो. घोटाळा होतो तो शब्द दोघांनाही कळतो पण प्रत्येकाचा अर्थ वेगळा असतो तेव्हा. एसक्यूएलच्या बोलींचंही तसंच. मायएसक्यूएलला बॅकटिक लागतो, पोस्टग्रेसला दुहेरी अवतरण, एसक्यूएल सर्व्हरला चौकोनी कंस. 'लिमिट' एसक्यूएल सर्व्हरला कळत नाही, तिथे 'टॉप' किंवा 'ऑफसेट-फेच' लागतं. एवढं बिल्डर सांभाळतो, आणि चुकलं तर लगेच एरर येते. भागाकाराचं चिन्ह मात्र सगळ्यांना कळतं, म्हणून कोणीच तक्रार करत नाही.

'रॉ'मध्ये लिहिलेलं तसंच पुढे जातं

'रॉ' म्हणजे बिल्डरवर न सोडता हाताने लिहिलेलं एसक्यूएल. त्यात शेतकऱ्याचं नाव आणि गाव जोडायला दोन उभ्या रेघा वापरल्या, तर पोस्टग्रेसमध्ये मजकूर जोडला जातो. मायएसक्यूएलमध्ये मात्र, सेटिंग बदललेलं नसेल तर, त्या रेघांचा अर्थ 'ऑर' होतो आणि नावाच्या जागी शून्य येतं. मग 'कॉन्कॅट' वापरावं, तर गाव नल (म्हणजे काहीच न भरलेलं) असताना मायएसक्यूएल अख्खं उत्तरच नल देतो, पोस्टग्रेस नल सोडून बाकीचं जोडतो. म्हणून आधी 'कोअलेस' लावा, ते नलच्या जागी आपण दिलेली किंमत घालतं. माझ्या प्रोजेक्टमध्ये मी आता सगळे रॉ तुकडे एकाच फाइलमध्ये ठेवतो. डेटाबेस बदलायची वेळ आली की ती फाइल ओळ न ओळ वाचता येते.

ऑनकॉन्फ्लिक्ट: इथे खरंच नुकसान होतं

पावतीच्या टेबलवर दोन युनिक की होत्या, म्हणजे तीच किंमत दोनदा येऊ न देणाऱ्या अटी. एक पावती क्रमांकावर, दुसरी ट्रक नंबर आणि तारीख यांच्यावर. कोडमध्ये पावती क्रमांकावर ऑनकॉन्फ्लिक्ट आणि पुढे मर्ज असं लिहिलं होतं, म्हणजे तो क्रमांक आधीच असेल तर त्याच ओळीवर नवी माहिती लिहायची. पोस्टग्रेसवर एक दिवस एरर आली: ट्रक आणि तारखेची नोंद आधीच आहे. कापणी जोरात असल्यामुळे त्या ट्रकने एकाच दिवशी दोन फेऱ्या मारल्या होत्या. आधी मला वाटलं, पोस्टग्रेसच उगाच अडवतोय.

मग मायएसक्यूएलवर काय होत होतं ते पाहिलं. तिथे मर्जचं रूपांतर 'ऑन डुप्लिकेट की अपडेट' असं होतं आणि त्यात कॉलम सांगायची सोयच नाही. कनेक्सला दिलेला कॉलम तिथे सोडून दिला जातो. कुठलीही युनिक की आडवी आली की त्या ओळीवर नवी माहिती लिहिली जाते. म्हणजे दुसऱ्या फेरीची पावती पहिल्या फेरीच्या पावतीवर बसत होती, क्रमांकासकट, आणि एररचा पत्ता नव्हता. कागदी पावत्या घेऊन बसलो आणि हरवलेल्या नोंदी एकेक करून परत भरल्या. मुळात ट्रक आणि तारखेवरची ती की चूक होती, ती काढली. मायएसक्यूएलवर असा अपसर्ट (नोंद असेल तर बदलायची, नसेल तर नवी घालायची) वापरत असाल तर टेबलवर युनिक की किती आहेत हे आधी मोजा.

छोट्या पण रोज नडणाऱ्या गोष्टी

मायएसक्यूएलच्या नेहमीच्या कोलेशनमध्ये (अक्षरांची तुलना करायच्या नियमांत) मजकूर शोधणारा 'लाइक' इंग्रजी लहान-मोठी अक्षरं एकच मानतो, पोस्टग्रेस वेगळी मानतो. एमएच १९ चा ट्रक कोणी लहान अक्षरांत शोधला की सापडत नाही. कनेक्समध्ये व्हेअर-आयलाइक वापरा.

नोडमधला (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) पोस्टग्रेसचा ड्रायव्हर 'काउंट'चं, म्हणजे नोंदी मोजल्याचं, उत्तर स्ट्रिंग म्हणजे मजकूर म्हणून देतो. ५० मध्ये १ मिळवला की ५०१ होतात. नंबरमध्ये बदलून घ्या.

इन्सर्टनंतर आयडी हवा असेल तर पोस्टग्रेसवर 'रिटर्निंग' लिहावंच लागतं.

एसक्यूलाइटवर टेस्ट चालवून पोस्टग्रेसवर प्रोग्राम सोडू नका. एसक्यूलाइटमध्ये फॉरेन की (दुसऱ्या टेबलमधल्या नोंदीशी जोड तपासणारी अट) मुळात बंद असते, आणि पूर्णांकाच्या साध्या कॉलममध्ये 'वीस किलो' असा मजकूरही बसतो. डॉकरमध्ये (प्रोग्राम आपल्याच मशीनवर वेगळा चालवायचं साधन) पोस्टग्रेस चालवायला फार वेळ लागत नाही, टेस्ट त्याच्यावरच घ्या.

नल कुठे लागतात ते बघा

ही चूक मला सगळ्यात जास्त लागली. पेमेंटच्या तारखेनुसार चढत्या क्रमाने शेतकऱ्यांची यादी होती. पैसे द्यायचे बाकी असतील तर तारीख नल. मायएसक्यूएल नल आधी लावतो, म्हणून बाकी असलेले शेतकरी पहिल्याच पानावर दिसायचे आणि व्यापारी सकाळी ते पान उघडून पैसे पाठवायचा. पोस्टग्रेस नल शेवटी लावतो. यादी बरोबरच होती, पण ज्यांचे पैसे अडकले होते ती माणसं शेवटच्या पानावर गेली आणि चार दिवस तिकडे कोणी पाहिलं नाही. कनेक्सच्या ऑर्डर-बायमध्ये नल आधी की नंतर हे स्पष्ट सांगता येतं. ते सांगा, आणि त्या यादीची टेस्ट लिहिताना एक नोंद मुद्दाम तारखेविना ठेवा.