कोरियन शिकताय? सणांच्या तारखा आधी वहीत लिहा

सॉल्लाल (चांद्र नववर्ष) आणि चुसॉक (सुगीचा सण) हे कोरियाचे दोन मोठे सण. दोन्हींना तीन-तीन दिवस सुट्टी असते आणि तारखा दरवर्षी बदलतात. चुसॉक आठव्या चांद्र महिन्याच्या पौर्णिमेला येतो, म्हणजे आपल्या भाद्रपद किंवा कोजागिरी पौर्णिमेच्या आसपास. दिनदर्शिकेत लगेच सापडेल.

सॉल्लालला वडीलधाऱ्यांना वाकून 'सेबे' करतात, लहानांना पैसे मिळतात (दोन्ही हातांनीच घ्यायचे) आणि त्तॉकगुक हे तांदळाच्या वड्यांचं सूप खातात. ते खाल्लं की वय एका वर्षानं वाढतं असं मानतात. शुभेच्छा 'सेहे बोक मानी बादुसेयो' अशी द्यायची, पण भरभर बोलताना 'बोक मानी'चं 'बोंग मानी' होतं. उच्चार तसाच घोटा, ऐकताना अडणार नाही. चुसॉकला 'चुसॉक जाल बोनेसेयो' म्हणा आणि सोंगप्यॉन हा तांदळाच्या पिठाचा, सारण भरलेला पदार्थ जरूर चाखा.

याच दिवसांत कोरियात जाणार असाल तर रेल्वेची तिकिटं खूप आधी काढा, सगळा देश गावी निघालेला असतो.

९ ऑक्टोबरचा हांगुल दिन मात्र खास आपला, शिकणाऱ्यांचा. राजा सेजोंगनं १४४६ मध्ये जाहीर केलेल्या लिपीचा तो सण. त्या दिवशी एक पानभर हातानं लिहून काढा.