खाऱ्या टाकीचा रिफ्रॅक्टोमीटर शून्यावर नव्हे, ३५ वर जुळवा

रिफ्रॅक्टोमीटर म्हणजे समुद्री माशांच्या टाकीतल्या पाण्याचा खारटपणा प्रकाश किती वळतो त्यावरून मोजणारं उपकरण. त्याच्यासोबतच्या कागदावर बहुधा एवढंच असतं: शुद्ध पाण्याचे दोन थेंब टाका, रेघ शून्यावर आणा, झालं. पण आपल्याला मोजायचं असतं ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग क्षार) आसपास. शून्याला बरोबर असलेलं उपकरण तिथे दीड अंकाने सहज चुकतं, कारण बऱ्याच रिफ्रॅक्टोमीटरची पट्टी समुद्राच्या पाण्यासाठी नाही, साध्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेली असते. म्हणून ३५ पीपीटीचं प्रमाणित द्रावण वापरा. घरी करायचं तर ३६.५ ग्रॅम कोरडं, शुद्ध सोडियम क्लोराइड (साधं मीठ) ९६३.५ ग्रॅम आरओ-डीआय पाण्यात (गाळून क्षार काढलेल्या शुद्ध पाण्यात) विरघळवा; हे द्रावण प्रकाश ३५ पीपीटीच्या समुद्राच्या पाण्याइतकाच वळवतं. पाणीही वजन काट्यावरच घ्या.

१. द्रावण आणि उपकरण अर्धा तास शेजारी-शेजारी ठेवा, म्हणजे दोन्हींचं तापमान एक होईल.

२. काच शुद्ध पाण्याने पुसून कोरडी करा. द्रावणाचे दोन-तीन थेंब टाकून झाकण हळू मिटा. आत बुडबुडा दिसला तर पुसून पुन्हा टाका.

३. मिनिटभर थांबा. ही पायरी सगळेच गाळतात! एटीसी (तापमानाचा फरक आपोआप भरून काढण्याची सोय) असलं तरी थेंब काचेच्या तापमानाला यायला वेळ लागतोच.

४. उजेडाकडे धरून पाहा. निळा आणि पांढरा भाग जिथे भेटतो ती रेघ ३५ वर येईपर्यंत स्क्रू किंचित किंचित फिरवा. पुसा, नवे थेंब टाका, पुन्हा वाचा.

द्रावणाची बाटली घट्ट बंद ठेवा. पाणी उडून ते दाट झालं आणि तुम्ही तेच ३५ धरलंत, तर टाकी नकळत जास्त खारट होत जाईल.

पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून खारटपणा मोजणाऱ्या कंडक्टिव्हिटी मीटरला हे घरगुती द्रावण चालत नाही. त्याला ५३ मिलीसिमेन्सचं (वीजवहनाचं एकक) वेगळं द्रावण लागतं. प्रोब बुडवून जरा हलवा, अडकलेली हवा निघू द्या.

काट्याच्या हायड्रोमीटरला (पाणी जितकं खारट, तितका काटा वर उचलला जाणारं साधं उपकरण) तर स्क्रूच नसतो. टाकीचं पाणी त्यात आणि जुळवलेल्या रिफ्रॅक्टोमीटरमध्ये मोजा, फरक हायड्रोमीटरवरच मार्करने लिहा. काट्याला चिकटलेला एक बुडबुडाही त्याला वर उचलतो, आकडा फुगतो. टिचकी मारून तो आधी सोडवा.

जुळवणीनंतर टाकीचा आकडा भलताच निघाला, तर सॅलिनिटी (खारटपणा) एका दिवसात सुधारायला जाऊ नका. थोडं थोडं पाणी बदलत काही दिवसांत ३५ वर आणा.