ओल कुठे आहे ते नंतर, आधी ती कधी येते ते बघा

भिंतीवर ओल दिसली की आपण काय करतो तर बोट लावून बघतो आणि लगेच प्लंबरला फोन, आणि प्लंबर येतो तो छिन्नी-हातोडी घेऊनच. टाईल फुटते, मागचा चिरा, म्हणजे आपल्या गोव्यातल्या भिंतींचा जांभा दगड, खरवडला जातो आणि आत सगळं कोरडं ठणठणीत. पाणी जिथे दिसतं तिथूनच गळतं असं अजिबात नाही, ते स्लॅबमधून, पाईपच्या अंगावरून, सळीच्या कडेने वाट काढत चार-पाच फूट लांब जाऊन डोकं वर काढतं. त्यामुळे माझं म्हणणं एवढंच की काहीही उघडायच्या आधी दोन-तीन दिवस नुसतं बघा, ओल कधी वाढते आणि कधी उतरते. ओलीच्या कडेने पेन्सिलची रेघ मारा, बाजूला तारीख-वेळ टाका. फोटो काढला तरी चालेल पण रेघ बरी, फोटोत उजेड बदलला की ओलही बदलल्यासारखी वाटते.

आता त्या रेघेवरून काय कळतं. रात्रंदिवस सारखीच ओल, मे महिन्यातसुद्धा हटत नाही, तर प्रेशरच्या लाईनवर संशय घ्या, म्हणजे टाकीतून नळाला येणारा पाईप, कारण त्यात पाणी कायम भरलेलं असतं. सकाळी सगळ्यांच्या आंघोळी झाल्या की वाढते आणि दुपारपर्यंत सुकत येते, तर पाईप नाही, सांडपाण्याची बाजू, न्हाणीचा ट्रॅप, म्हणजे जाळीखालचा पाणी धरून ठेवणारा वाकडा भाग, किंवा टाईलमधल्या फटी. पाऊस लागला की येते आणि उघडीप मिळाली की चार दिवसांनी जाते, तर प्लंबरला बोलवूच नका, ते काम मेस्ताचं, म्हणजे गवंड्याचं, गच्ची-कठडा-खिडकीची कड बघायला सांगा, जुनं घर असेल तर छपराचा एखादा नळा, म्हणजे कौल, सरकलाय का तेही. आणि जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतच ओल, वर कोरडं, रंगाचे पोपडे आणि पांढरा लोणा, म्हणजे क्षारांची पूड, तर ती जमिनीतून चढलेली ओल. आपला चिरा भोकाभोकांचा, पाणी पितो आणि सोडायला वेळ लावतो, त्यामुळे पाऊस थांबल्यावर दुसऱ्याच दिवशी भिंत ओली दिसली म्हणून पाईप फुटला असं समजू नका.

अजून एक प्रकार आहे ज्यात गळती नसतेच. जून-जुलैत हवेतच इतकं पाणी असतं की थंड भिंतीवर, कपाटामागे, टाकीखालच्या स्लॅबला नुसता दमटपणा धरतो आणि बुरशी येते. हे ओळखायला जेवण गुंडाळायची ॲल्युमिनियम फॉईल घ्या, वीतभर तुकडा, भिंत फडक्याने पुसून त्यावर चारी बाजूंनी टेप लावून घट्ट चिकटवा आणि एक दिवस ठेवा. खोलीकडच्या बाजूला थेंब जमले तर तो हवेतला दमटपणा, खिडकी उघडा, कपाट चार बोटं पुढे ओढा. फॉईलच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे ओल असेल तर पाणी भिंतीतूनच येतंय.

प्रेशरच्या लाईनवर संशय आला तर तो रात्री पक्का करायचा. जेवणं-भांडी आटपली की टाकीत वरून येणारं पाणी बंद करा, बॉल कॉकच्या, म्हणजे टाकी भरली की पाणी थांबवणाऱ्या तरंगत्या नळाच्या, आधी जो व्हॉल्व्ह असतो तो, घरातले सगळे नळ बंद, आणि टाकीत आतून पाण्याच्या पातळीला खूण करा. काठी बुडवून काठीवर खूण केली तरी चालतं. सकाळी कोणी उठून फ्लश करायच्या आत बघा. पातळी उतरली असेल तर दुसऱ्या रात्री तेच करा पण टाकीतून बाहेर जाणारा गेट व्हॉल्व्हही बंद ठेवा. तरीही उतरली तर टाकीच गळते किंवा तिच्या बुडाचा कपलर, नाही उतरली तर गळती खाली घरात कुठेतरी. एक-दोन रात्रींत अर्धं घर यादीतून बाद होतं आणि खर्च शून्य. फक्त तो गेट व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं फिरवलेला नसतो, तो नीट बंदच होत नाही, मग हा सगळा प्रयोग वाया जातो, म्हणून आधी तो बंद करून खालचा नळ सोडून बघा, धार थांबते का.

मीटरवरून पण कळतं पण आपल्याकडे सरकारी नळाचं पाणी, साळावली प्रकल्पाचं असो नाहीतर ओपा प्रकल्पाचं, बऱ्याच ठिकाणी ठरावीक वेळेलाच, त्यामुळे पाणी चालू असतानाच बघावं लागतं. टाकीत आणि संपमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या टाकीत, जाणारं बंद करा, थेट लाईनवरचे नळ असतील ते बंद करा, आणि मीटरच्या काचेत जी छोटी चांदणीसारखी चकती असते तिच्याकडे बघा. ती संथ का होईना फिरत असेल तर मीटर आणि टाकीच्या मधला, जमिनीत गाडलेला पाईप गळतोय. अंगणात एकाच जागचं गवत एप्रिलमध्ये हिरवंगार असेल तर कुठे खणायचं तेही कळलं. मीटरच्या अलीकडे घराच्या बाजूची गळती आपली, पलीकडची पाणी खात्याची, तिथे स्वतः हात घालू नका, तक्रार करा.

बांयीवर, म्हणजे विहिरीवर, पंप असणाऱ्यांची वेगळीच कटकट. पंप दोन दिवस बंद ठेवला की पाणी उचलत नाही, दर वेळी वरून पाणी ओतून भरावं लागतं, तर बांयीतल्या पाईपच्या टोकाचा फुटव्हॉल्व्ह बघा, तो पाणी परत खाली उतरू देत नाही, त्यात पान-काडी अडकते नाहीतर त्याचं वायसर, म्हणजे रबरी चकती, झिजतं. पंप फिरतो पण पाण्यात बुडबुडे येतात, तर सक्शनच्या, म्हणजे पाणी वर ओढणाऱ्या पाईपच्या, एखाद्या जॉईंटमधून हवा खेचतोय, तिथून पाणी बाहेर येतच नाही त्यामुळे कोरडा जॉईंट बघून फसायला होतं. आणि फ्लॅटमध्ये प्रेशर पंप असेल आणि मध्यरात्री कोणी नळ सोडलेला नसताना तो आपोआप चालू होऊन बंद होत असेल, तर कुठेतरी पाणी जातंय, नाहीतर पंपाचा एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, पाणी मागे सोडतोय.

माझ्या मते घरातला सगळ्यात मोठा चोर फ्लशची टाकी. आवाज नाही, थेंब नाही, पाणी कमोडच्या मागच्या बाजूने फिल्मसारखं उतरत राहतं. टाकीचं झाकण काढून चिमूटभर खायचा रंग टाका, नसेल तर बीट उकडलेलं पाणी, आणि पंधरा-वीस मिनिटं कोणी फ्लश करू नका. कमोडमध्ये रंग उतरला आणि टाकीतल्या मधल्या उभ्या नळीवरून पाणी सांडत नसेल, तर बुडाचं रबर बसत नाहीये. ते काढून पुसून बघा, बऱ्याचदा नुसता गाळ असतो, रबर कडक झालं असेल तर बदला. टाकीतलं पाणी त्या नळीच्या तोंडावरून सांडत असेल तर रंग तिथूनही उतरतो, तेव्हा आधी फ्लोट, म्हणजे तरंगणारा गोळा, खाली घ्या, पाणी नळीच्या तोंडापेक्षा बोटभर खाली राहिलं पाहिजे.

टपकणारा नळ. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब, चार-पाच लिटर तरी गेले. तीन-चार वेढे फिरवायचा जुना नळ असेल तर आत वायसर असतं. आधी पाणी बंद, मग खाली मोरीच्या भोकावर फडकं टाका कारण स्क्रू हमखास तिथेच पडतो. मूठ काढा, पान्याने स्पिंडल, म्हणजे आतला दांडा, उलटा फिरवून बाहेर काढा, टोकाला काळं रबर दिसेल, त्यावर गोल खाच पडलेली असते. तेच रबर खिशात घालून हार्डवेअरच्या दुकानात जा, तोंडी माप सांगू नका. नवीन घालायच्या आधी नळाच्या आत बोट फिरवा, ज्या कडेवर रबर बसतं ती खरखरीत लागली तर नवीन रबरही महिनाभरात कापलं जाणार, तेव्हा नळच बदलणं परवडतं. पाव फेऱ्यात उघडणारा नळ असेल तर त्यात वायसर नाही, आतलं आख्खं काडतूस, म्हणजे कार्ट्रिज, बदलायचं, आणि ते त्याच कंपनीचं लागतं.

टेफ्लॉन टेप आटे आपल्या तोंडाकडे धरून घड्याळाच्या दिशेने गुंडाळायची, उलटी गुंडाळली की नळ फिरवताना सगळी गोळा होऊन बाहेर येते. प्लास्टिकच्या फिटिंगमध्ये पितळी नळ जोर लावून कसू नका, एल्बोला चीर जाते आणि ती भिंतीच्या आत असते. गरम पाण्याच्या सीपीव्हीसी पाईपला सीपीव्हीसीचंच सोल्युशन, गार पाण्याचं पीव्हीसीवालं लावून चालत नाही. एम-सील ओल्यावर धरत नाही, आणि प्रेशरच्या लाईनवर तो चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, पार पडेपर्यंतचा उपाय, घरात पाहुणे आणि प्लंबर फोन उचलत नाही अशा वेळेपुरता.

गिझर तापत असताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थोडे थेंब पडणं नॉर्मल आहे, पाणी तापलं की फुगतं. गिझर बंद असतानाही गळत राहिला तर व्हॉल्व्ह खराब किंवा प्रेशर जास्त. बुडातून गंजाचं तांबूस पाणी येत असेल तर आतली टाकी गेली. नळाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर मात्र बाकी सगळं सोडा, बोर्डावरचा एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा स्विच, खाली करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा, प्लंबरला नाही.

राहता राहिलं फ्लॅटवाल्यांचं भांडण, खालचे काका म्हणतात तुमच्या बाथरूममधून गळतं आणि वरचे म्हणतात आमचं सगळं कोरडं आहे. न्हाणीच्या जाळीखाली प्लास्टिकच्या पिशवीत फडकं गुंडाळून घट्ट बूच मारा, फरशीवर इंचभर पाणी भरा, पातळीला खूण करा, चोवीस तास ते बाथरूम बंद. खाली ओल वाढली तर फरशीतून जातंय, आधी टाईलच्या फटी खरवडून इपॉक्सी ग्राऊट भरून बघा. वाढली नाही तर बूच काढून ते पाणी एकदम सोडा आणि काकांना खाली छताकडे बघत उभं राहायला सांगा, आता थेंब आले तर दोष न्हाणीच्या ट्रॅपचा किंवा त्याच्या पुढच्या पाईपचा, आणि ते काम खालच्या घरातून, काकांच्याच बाथरूमचं छत उघडून करावं लागतं, तेव्हा ही परवानगी भांडण व्हायच्या आधीच मागून ठेवा.