छोट्या चाकांच्या सायकलसाठी पंक्चरला दाद न देणारा टायर कसा निवडावा

छोट्या चाकांच्या घडीच्या सायकलला पंक्चर झालं की ट्यूब बदलण्यापेक्षा चाक काढण्याचाच ताप जास्त होतो. ब्रॉम्प्टन या ब्रिटिश कंपनीच्या घडीच्या सायकलसारख्या सायकलचे गिअर बहुतेक वेळा मागच्या हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, आत असतात. गिअरची केबल सोडवायची, चेन ताणून धरणारा टेन्शनर काढायचा, १५ नंबरच्या पान्याने दोन्ही नट सैल करायचे, आणि हे सगळं रस्त्याच्या कडेला, ऑफिसच्या कपड्यांत. नाक्यावरचा पंक्चरवालाही असं चाक खोलायला लवकर तयार होत नाही. म्हणून या सायकलींच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे: टायर घेताना पंक्चरचा विचार आधी, वजन आणि वेग नंतर.

दुसरं कारण चाकाच्या घेरात आहे. ब्रॉम्प्टनच्या १६ इंची चाकाला एका किलोमीटरला सुमारे ७६० फेरे घ्यावे लागतात, मोठ्या सायकलींच्या ७०० सी मापाच्या चाकाला सुमारे ४६०. रस्त्यावरची काच दोघांनाही सारखीच भेटते. पण रबरात रुतलेला काचेचा कण छोट्या चाकात तेवढ्याच अंतरात कितीतरी जास्त वेळा आत ठोकला जातो, आणि टायर झिजतोही लवकर.

आधी जुनी ट्यूब वाचा

दुकानात जाण्याआधी पंक्चर झालेली ट्यूब घ्या, हवा भरा आणि भोक कुठे आहे ते पाहा. भोक रिमच्या बाजूला असेल तर टायरचा दोष नाही. रिममधली आऱ्यांची भोकं झाकणारी पट्टी, म्हणजे रिमटेप, बहुधा सरकली आहे. ती पंधरा-वीस मिनिटांत बदलता येते, आणि नवा महागडा टायर घालूनही ती तशीच राहिली तर पंक्चर होतच राहणार. शेजारी शेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चिरडली गेली. बाहेरच्या बाजूला एकच बारीक छिद्र असेल तर काटा, तार किंवा काच.

गुन्हेगार नेमका कोण, हे शोधायची सोपी युक्ती आहे. टायरच्या आतून कापसाचा बोळा हळूहळू फिरवा. जिथे काही टोचत असेल तिथे कापसाचे तंतू अडकतात. अनेकदा तिथे ट्रकच्या फुटलेल्या टायरमधून रस्त्यावर सांडलेली, केसाएवढी पोलादी तार निघते. बोटाने चाचपलं तर ती बोटात शिरते आणि डोळ्यांना तर दिसतच नाही. ती काढल्याशिवाय नवी ट्यूब घातली की दोन दिवसांत पुन्हा तेच.

आपल्याकडे पठारी भागात पावसाळा सरला की मोकळ्या प्लॉटच्या आणि रस्त्याच्या कडेला सराटे वाळून पडलेले असतात. त्यांचा काटा साधारण अर्ध्या सेंटीमीटरचा. जाड थराचा टायर तो अडवतो. बाभळीच्या काट्याचं तसं नाही. दोन इंची काटा सरळ उभा घुसला तर कुठलाच टायर पुरा पडत नाही. तुमच्या वाटेवर यांतलं काय आहे, यावर पुढची निवड ठरते.

इंचांवर विश्वास ठेवू नका

'१६ इंची' म्हणून मागितलेला टायर घरी आणून बसतच नाही, ही छोट्या चाकांची नेहमीची तक्रार. टायरच्या बाजूवर बारीक अक्षरांत ३५-३४९ किंवा ४७-४०६ असे आकडे असतात. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमवर बसण्याच्या जागेचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ब्रॉम्प्टनचा १६ इंची म्हणजे ३४९. लहान मुलांच्या सायकलचा १६ इंची म्हणजे ३०५. दोघांत ४४ मिमीचा फरक आहे. २० इंचीतही ४०६ आणि ४५१ असे दोन वेगळे माप आहेत. ४०६ मुलांच्या आणि बीएमएक्स सायकलींना लागतो, त्यामुळे तो सहज मिळतो. ३४९ बहुधा मागवावाच लागतो. दुसरा आकडा तंतोतंत जुळला पाहिजे. पहिल्यात थोडं इकडेतिकडे चालतं, पण टायर आणि मडगार्ड, तसंच टायर आणि ब्रेक यांच्यात पाच-सहा मिलिमीटर मोकळी जागा राहते का ते मोजून घ्या. घडीच्या सायकलमध्ये हीच जागा तोकडी असते.

थर कसला आहे ते पाहा

पंक्चर-रोधक टायरमध्ये संरक्षण दोन प्रकारचं असतं. एक म्हणजे ट्रेडखाली, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या रबराखाली, मऊ, जाड रबराचा थर. श्वाल्बे या जर्मन कंपनीच्या मॅरेथॉन प्लस टायरमध्ये तो ५ मिमी असतो, साध्या मॅरेथॉनमध्ये ३ मिमी. काट्याचं टोक ट्यूबपर्यंत पोचूच नये, हे त्याचं काम. दुसरा प्रकार म्हणजे अ‍ॅरामिडसारख्या चिवट धाग्याची घट्ट विणलेली पट्टी. ती पातळ आणि हलकी असते, काचेने सहज चिरली जात नाही, पण टोकदार काटा धाग्यांच्या मधून वाट काढू शकतो. सराटे आणि टाचण्या-खिळे यांचा त्रास असेल तर जाड थर घ्या. वाट डांबरी, स्वच्छ आणि त्रास मुख्यतः काचांचा असेल तर पट्टीचा टायर पुरतो, आणि सायकल हलकी पळते.

इथे एक फसगत टाळा. पाकिटावर 'केवलार' (अ‍ॅरामिडचंच एक व्यापारी नाव) लिहिलेलं असतं, पण कधी कधी ते फक्त टायरच्या कडेत तारेऐवजी घातलेल्या धाग्याबद्दल असतं. त्यामुळे टायरची घडी घालता येते, काटा अडत नाही. 'केवलार नेमका कुठे आहे?' असं विचारा. तसंच टीपीआयचा, म्हणजे एका इंचातल्या धाग्यांचा, मोठा आकडा म्हणजे टायरच्या कापडाची वीण बारीक. त्याचा पंक्चरशी थेट संबंध नाही.

जाड टायर जड असतो आणि पेडल मारताना ते जाणवतं. दोन्हीकडे तो घ्यायची तयारी नसेल तर मागे जाड आणि पुढे हलका घ्या. मागच्या चाकावर भार जास्त, तिथेच पंक्चर जास्त आणि काढायला अवघड चाकही तेच.

हवाच नसलेले भरीव टायर मी कुणाला सुचवणार नाही. छोटं चाक खड्ड्यात खोल उतरतं, धक्का सगळा मनगटांत आणि आऱ्यांत जातो. ब्रिटिश अभियंते अ‍ॅलेक्स मोल्टन यांनी १९६२ मध्ये छोट्या चाकांची सायकल आणली तेव्हा जास्त दाबाच्या हवेच्या टायरांसोबत रबरी सस्पेन्शनही दिलं, ते याच धक्क्यासाठी. ट्यूबमध्ये ओतायचं सीलंट, म्हणजे छिद्र बुजवणारा द्रव, बारीक छिद्रांना उपयोगी पडतं; जास्त दाबाच्या टायरमध्ये त्याचा भरवसा कमी.

बसवताना आणि नंतर

जाड टायर छोट्या रिमवर बसवणं हे हातांची परीक्षा घेणारं काम आहे. टायर अर्धा तास उन्हात ठेवा, ट्यूबला थोडी टाल्कम पावडर लावा. कडेवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने ठेवा. सुरुवात व्हॉल्व्हच्या समोरून करा आणि शेवट व्हॉल्व्हपाशी. अधूनमधून टायरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबत चला, म्हणजे शेवटच्या चार इंचांना ढील मिळते. तरी अडलं तर साबणाचं पाणी लावा. स्क्रू-ड्रायव्हर मात्र वापरू नका, नवी ट्यूब तिथेच चिमटते. टायरवरचं नाव व्हॉल्व्हजवळ येईल असं बसवा. पुढे कधी भोक पडलं तर ट्यूबवरून टायरमधली जागा लगेच सापडते.

हवेचा आकडा टायरच्या बाजूवर छापलेला असतो. ३५ मिमीच्या टायरला ४७ मिमीच्या टायरपेक्षा जास्त दाब लागतो. अंगठ्याने दाबून अंदाज चुकतो, कारण जाड टायर हवा कमी असतानाही कडक लागतो. दाब दाखवणारा काटा असलेला पंप घ्या आणि आठवड्यातून एकदा हवा मोजा. त्याच वेळी चाक हळू फिरवून रबरात रुतलेले काचेचे कण टोकदार चिमट्याने उचकटून काढा. मॅरेथॉन प्लसच्या ट्रेडखालून निळा थर डोकावू लागला की टायर बदलायची वेळ झाली.